जुना फ्रिज बदलायचा आहे : सरकारी सूट मिळते का? (इंदूर)

स्नेहलतागंज
नमस्कार मंडळी,
आईकडचा फ्रिज बदलायचा विचार आहे. २००६ सालचा, अडीचशे लिटरचा, दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री. चालतोय, बर्फही होतो, पण कॉम्प्रेसर हल्ली थांबतच नाही. आई म्हणते, चालतोय तोवर राहू दे. मला वाटतं तो वीज भरपूर खातो. महारानी रोडवर दोन-तीन दुकानांत विचारलं. एक्सचेंजमध्ये दीड हजाराच्या वर कोणी जात नाही आणि त्याच मापाचा नवा २५-२६ हजारांना आहे.

माझी मावसबहीण सिंगापूरला असते. तिला तिथल्या सरकारने कमी वीज लागणारी उपकरणं घ्यायला व्हाउचर दिली. आपल्याकडे बल्बांच्या वेळी असं काहीतरी झालं होतं. मग फ्रिज, पंखे, एसी यांच्यासाठी मध्य प्रदेशात किंवा केंद्राची काही योजना आहे का? असेल तर अर्ज कुठे करायचा? नसेल तर ती असावी असं तुम्हाला वाटतं का?

आईचं बिल महिन्याला १७०-१८० युनिटचं येतं. घरात आई-बाबा दोघंच. एसी नाही.

पोहेजलेबी
एक्सचेंज न करता रोखीने किती, हेही विचारा ताई. पुष्कळदा तोच भाव निघतो आणि जुना फ्रिज आपल्याच हातात राहतो.

माळवी माणूस
जीएसटी कमी झाला ना? तीच सूट समजायची.

वीजमापक
माळवी माणूस, तो एसीवर कमी झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, डिशवॉशर आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. फ्रिज आणि वॉशिंग मशीन २०१८ च्या जुलैपासूनच १८ वर आहेत. त्यामुळे फ्रिजच्या गिऱ्हाइकाला त्यातून नवीन काही मिळालेलं नाही. शिवाय ती कपात एक स्टार असो की पाच, सरसकट आहे. कमी वीज लागणारं यंत्र घेणाऱ्याला त्यात वेगळं काही नाही.

आता मूळ प्रश्न. मी वीज खात्यातून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुना फ्रिज जमा करा आणि इतके पैसे घ्या, अशी योजना आपल्या घरगुती ग्राहकाला उपलब्ध नाही. बल्बांचं जे झालं ते वेगळं होतं. उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. त्यात सरकारने बल्बामागे तुम्हा-आम्हाला पैसे दिले नाहीत. ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा खरेदी केली. जो एलईडी बल्ब २०१४ मध्ये कंपन्यांकडून ३१० रुपयांना मिळत होता, तो दोन-अडीच वर्षांत ४० च्या आत आला. आपल्याला तो ७०-८० ला मिळाला. ३६ कोटींवर बल्ब असे वाटले गेले. मोठ्या खरेदीने बाजारच स्वस्त झाला, आणि आज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एलईडी मिळतो तो त्यामुळे.

पंख्यांसाठीही तोच मार्ग धरला. २०२३ च्या नोव्हेंबरात ईईएसएलने १ कोटी कमी विजेचे पंखे आणि २० लाख इंडक्शन शेगड्या, असा कार्यक्रम जाहीर केला. फ्रिजला मात्र हे सोपं नाही. बल्ब खिशात घालून घरी नेता येतो. फ्रिज पोचवावा लागतो, जुना उचलावा लागतो, तो कुठेतरी नीट मोडावा लागतो. खर्च तिथे आहे.

बांद्र्याहून
मुंबईत वीज कंपन्या स्वतः अशा योजना काढतात. टाटा पॉवरने ग्राहकांना फाइव्ह स्टार पंखे आणि एसी सवलतीत दिले आहेत. त्याचा खर्च वीज आयोगाच्या मंजुरीने दरात धरला जातो, म्हणजे शेवटी सगळे ग्राहक मिळून तो देतात. दिल्लीतही बीएसईएस जुना एसी घेऊन नवा कमी किमतीत देते. वीज कंपनीला त्यात फायदा आहे, कारण उन्हाळ्याच्या दुपारी लागणारी महाग वीज तिला तेवढी कमी विकत घ्यावी लागते.

राजवाडा
स्नेहलतागंज ताई, तुमच्या पोस्टमधली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि अजून कोणी तिच्याकडे बघितलं नाही. १७०-१८० युनिट!

मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याचा खप १५० युनिटांपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये, वरच्या ५० ना नेहमीचा दर. पण १५१ वं युनिट पडलं की सूट संपली. मग पहिल्यापासून सगळी युनिटं पूर्ण दराने. तुमच्या आईबाबांचं घर या रेषेच्या २०-३० युनिट पलीकडे आहे. जुना फ्रिज तेवढ्याला कारण असेल, तर तो बदलल्यावर वीज वाचेल आणि वर महिन्याच्या महिन्याला सरकारी सूटही सुरू होईल. अर्ज लागत नाही, बिलात आपोआप येते.

आताच्या दरांनी, स्थिर आकार आणि शुल्क धरून, १७५ युनिटांचं बिल आणि १४० युनिटांचं बिल यांत मला सातशे-नऊशेचा फरक दिसतो. कुठल्याही एक्सचेंजपेक्षा हा मोठा आकडा आहे.

स्नेहलतागंज
राजवाडा, हे कोणत्याच दुकानात कुणी सांगितलं नाही! आईच्या शेजारच्या काकूंचं बिल एवढं कमी कसं येतं, हे कोडं आम्हाला पडलेलंच होतं.

पण फ्रिजच दोषी आहे हे आधी कसं कळणार? २६ हजार घालून बिल १६० वर येऊन थांबलं तर?

वीजमापक
बरोबर विचारलंत. मोजल्याशिवाय घेऊ नका. प्लगमध्ये लावायचा छोटा एनर्जी मीटर मिळतो. तो सॉकेटात, त्यात फ्रिजचा प्लग, आणि पूर्ण २४ तास सोडून द्यायचा. तासभर बघून उपयोग नाही, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, आणि फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फ वितळवणारा हीटरही अधूनमधून लागतो. मीटर नसेल तर रात्री झोपताना बाकी सगळं बंद करून घराच्या मीटरचं रीडिंग लिहून ठेवा आणि सकाळी उठल्याबरोबर पुन्हा बघा. पंखा चालू ठेवावा लागला तर त्याचे वॉट वजा करा. इंदुरात पुष्कळ ठिकाणी स्मार्ट मीटर लागलेत, त्यांच्या ॲपवर रोजचा खप दिसतो.

दिवसाला दीड युनिटाच्या वर जात असेल तर बदलण्यात अर्थ आहे. एकच्या आत असेल तर आधी दुरुस्ती बघा. दाराचं रबर तपासा: दारात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाला तर रबर गेलं. मागची जाळी धुळीने भरलेली असते, ती साफ करा. भिंतीपासून चार-सहा बोटं पुढे ओढा. कॉम्प्रेसर न थांबण्याची कारणं बहुतेक वेळा हीच असतात किंवा गॅस कमी झालेला असतो.

१५० ची मर्यादा ३० दिवसांच्या हिशेबाने धरतात, म्हणजे दिवसाला ५ युनिट. रीडिंग दोन दिवस उशिरा झालं म्हणून घाबरू नका, मर्यादाही त्या प्रमाणात वाढते.

मटारप्रेमी
आमच्या गल्लीत दोन-दोन फ्रिज असलेली घरं कितीतरी आहेत. नवा स्वयंपाकघरात येतो आणि जुना मागच्या खोलीत जातो, कारण मटार! जानेवारीत मटार स्वस्त झाले की सासूबाई पंधरा-वीस किलो सोलून भरतात. पुढे ते वर्षभर कचोरीला आणि पोह्यांवर. शिवाय भुट्टे किसून ठेवायचे, कैरीचं पन्हं, उन्हाळ्यात आमरस. पाहुणे आले की जुना फ्रिज आहे म्हणून बरं वाटतं.

आता हे वाचून हिशेब केला. दिवसाला दोन युनिट धरले तर वर्षाला सातशेवर युनिट. मटार किती रुपये किलोने पडले हे सासूबाईंना सांगायचं धाडस कोण करणार?

पोहेजलेबी
मटारप्रेमी ताई, तुम्ही सांगू नका. बिल त्यांच्या हातात द्या आणि कचोरीची वेळ टाळून द्या.

दूरदेशी
मी कॅलिफोर्नियात असते, माहेर रामबागेत. मटारांवरून आठवलं, इथे अमेरिकेतही गराजमधला दुसरा फ्रिज हा वीज कंपन्यांचा लाडका विषय आहे. पुष्कळ कंपन्या तो फुकट उचलून नेतात आणि वर साधारण ५० डॉलरच्या आसपास देतात. अट अशी की तो चालू स्थितीत हवा. पहिल्यांदा मला हे उलटं वाटलं होतं. पण बंद पडलेला फ्रिज नेऊन वीज वाचत नाही, चालू असलेला नेला तरच वाचते.

इथल्या केंद्र सरकारचंही सांगते. २०२२ च्या कायद्यातून घरगुती विजेच्या उपकरणांवर सूट ठेवली आणि ती द्यायचं काम राज्यांकडे सोपवलं. हीट पंपाला (घर गरम-गार करणारं विजेचं यंत्र) ८,००० डॉलरपर्यंत, विजेच्या शेगडीला ८४० डॉलरपर्यंत. भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी कमावणाऱ्याला पूर्ण खर्च, ८० ते १५० टक्क्यांमध्ये असणाऱ्याला निम्मा, त्याच्या वर काही नाही. त्या यादीत फ्रिज नाहीच. गॅसवरून विजेवर यावं हा तिचा मुख्य हेतू होता. प्रत्यक्षात मिळणं मात्र राज्याराज्यावर अवलंबून. काही राज्यांत सुरू व्हायलाच दोन-अडीच वर्षं गेली.

सिंगापूरकर
मावसबहिणींचं बरोबर आहे. इथे २०२० मध्ये आधी सरकारी इमारतींतल्या लहान, म्हणजे एक ते तीन खोल्यांच्या घरांना २२५ डॉलरची व्हाउचर दिली होती. २०२४ च्या एप्रिलपासून सरकारी इमारतींतल्या सगळ्या घरांना ३०० डॉलर केली आणि पुढच्या वर्षी आणखी १०० घातले. ठरावीक टिकांच्या (आपल्याकडच्या स्टारसारख्या) वरचंच उपकरण घेता येतं. फोनवर व्हाउचर येतं, दुकानात दाखवायचं, तेवढे पैसे कमी. अर्ज, पावत्या, वाट बघणं काही नाही.

लोकमान्यनगर
माझं मत स्पष्ट मांडतो, राग मानू नये. २६ हजारांचा फ्रिज घेऊ शकणाऱ्याला सरकारने पैसे का द्यावेत? हा कर सगळे भरतात. खजराण्यातला रिक्षावाला साबण-तेलावर जीएसटी देतो आणि त्यातून विजयनगरच्या फ्लॅटवाल्याला एसीवर सूट? ज्याला बिल जड जातं तो स्वतःच्या पैशाने बदलतो. ज्याला जड जात नाही त्याला बदलायची घाई नाही. दोन्हींत सरकारचं काम काय?

बांद्र्याहून
लोकमान्यनगर, सरकारचं काम असं की जुनी यंत्रं चालवायला जी वीज लागते ती बनवायला आणि पोचवायलाही सगळ्यांचाच पैसा लागतो. एक युनिट कमी वापरणं हे एक युनिट तयार करण्यापेक्षा स्वस्त पडत असेल तर तिथे पैसा घालावा.

अभ्यासू
दोघांच्या मध्ये एक खरं उदाहरण ठेवतो. मेक्सिकोने २००९ ते २०१२ या काळात जुन्याच्या बदल्यात नवा फ्रिज किंवा एसी अशी योजना चालवली. जुनं यंत्र किमान दहा वर्षांचं आणि चालू हवं, ते जमा करायचं, सरकार ते मोडणार. जवळपास १९ लाख यंत्रं बदलली गेली. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी लोकांची खरी बिलं तपासली. फ्रिज बदललेल्या घरांत विजेचा खप सरासरी ८ टक्के कमी झाला. आधी जेवढी बचत होईल असं सांगितलं होतं, त्याच्या ती साधारण चौथा हिस्सा होती. आणि एसी बदललेल्या घरांत खप वाढला. नवा एसी चांगला थंड करतो, कमी वीज खातो असं मनात असतं, म्हणून लोक तो जास्त वेळ लावतात. फ्रिजही नवे घेताना मोठे, बर्फ-पाण्याच्या सोयीचे घेतले गेले.

चीनने २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर हेच केलंय. २०२४ आणि २०२५ मध्ये किमतीच्या १५ टक्के सूट होती, सगळ्यात कार्यक्षम दर्जाला २० टक्के, एका वस्तूला जास्तीत जास्त २,००० युआन. पण तिथे मुख्य हेतू बाजारात खरेदी वाढवणं हा आहे, वीज वाचली तर चांगलंच.

म्हणून माझं म्हणणं: फ्रिज आणि पंखे यांना सूट द्यावी, एसीला देऊ नये.

माळवी माणूस
एसीचं नाव निघालं म्हणून. शब-ए-मालवा म्हणायचे लोक! मे महिन्यातही रात्री गच्चीवर चादर लागायची. माझे आजोबा नंदलालपुऱ्यात राहायचे, त्यांच्या घरात टेबलफॅन एक, तोही पाहुण्यांसाठी. आता गच्चीवर पाण्याच्या टाक्या, चारी बाजूंना उंच इमारती, बोरिंगचे पंप. रात्री अकराला भिंती गरम. आमच्याकडे अजून कूलरच आहे आणि कोरड्या हवेत तो एसीला भारी पडतो, दीडशे-दोनशे वॉटमध्ये सगळी खोली गार. पावसाळा लागला की चिकचिक होते, तेवढे दिवस पंख्यावर काढायचे.

ग्वाल्हेरकर
भिया, तुमच्या माळव्याची रात्र तुम्हाला लखलाभ. आमच्याकडे मेमध्ये ४५-४६ असतं आणि लू लागते. कूलर दिवसभर चालतो, तरी १५० च्या आत राहायची आमची धडपड चालू असते. अटल गृह ज्योती राज्यभर एकच आहे, वीज कंपनी तेवढी वेगळी. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पंख्यांनी पडला. जुना पंखा ७५ वॉट, नवा कमी विजेच्या मोटरचा बीएलडीसी पंखा २८ ते ३५. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १५-१६ युनिट. तीन खोल्यांचे तीन पंखे म्हणजे ४५ च्या वर. पंखा तीन हजारांच्या आसपास येतो. फ्रिजच्या निम्म्याहून कमी पैशात तेवढीच बचत.

राजवाडा
ग्वाल्हेरकरांना जोरदार अनुमोदन. जास्त चालणारा पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नंतर.

शिलाई
मी बरेच दिवस इथे फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. वस्तीतल्या बायकांबरोबर शिलाईचं काम करते, त्यामुळे बिलांच्या गोष्टी रोज कानावर येतात.

आपण नवा फ्रिज घेतो आणि जुना कामवाल्या ताईंना देतो. मनापासून देतो, त्याही आनंदाने नेतात. उन्हाळ्यात घरात गार पाणी होतं, दूध नासत नाही, मुलाचं औषध राहतं. ही लहान गोष्ट नाही. पण पुढे काय होतं ते सांगते. त्यांच्या घरचा खप असतो ११०-१२० युनिट. बिल दोन-अडीचशे. त्यात आपला दोन दारांचा जुना फ्रिज गेला की महिन्याला ६० युनिट वाढतात. १५० ओलांडले. सूट गेली. बिल बाराशे-तेराशे. आपण फुकट दिलेला फ्रिज त्यांच्याकडून महिन्याला हजार रुपये घेतो. एका ताईंनी मीटर खराब आहे म्हणून तक्रार दिली, कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला, मीटर ठीक निघाला. फ्रिजवर कुणाचाच संशय जात नाही, कारण तो चालत असतो. दुसऱ्या एकींकडे दिवसा चालू, रात्री बंद असं सुरू झालं. त्यात अन्न खराब होतं आणि बचत काही होत नाही.

लोकमान्यनगर काका, तुम्ही म्हणता पैसेवाल्याला सूट कशाला. मलाही तसंच वाटतं. पण सूट नकोच असं म्हणू नका. सूट या ताईंना द्या. १८० लिटरचा एका दाराचा नवा फ्रिज वर्षाला दीडशेच्या आसपास युनिट खातो, म्हणजे महिन्याला बारा-तेरा. तो त्यांच्या १५० मध्ये बसतो. किंमत त्यांना एकदम झेपत नाही, अडचण तेवढीच आहे. आज सरकार त्यांच्या वीज बिलात दर महिन्याला पाचशेवर रुपये घालतंच आहे. त्यातले काही एकदाच फ्रिजला आणि पंख्याला दिले तर तो भार सरकारचाही कमी होईल.

लोकमान्यनगर
शिलाई ताई, तुमचं पूर्ण पटलं. मी एसीवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. बिलात खप दिसतोच, त्यामुळे कोणाला द्यायचं हे ठरवायला वेगळा दाखलाही लागणार नाही. खपाच्या मर्यादेत असलेल्या घराला सूट, त्याच्या वर नाही. अशा योजनेला माझा पाठिंबा आहे.

मटारप्रेमी
ताई, आमच्या मदतनीस बाईंना दोन वर्षांपूर्वी नणंदेने फ्रिज दिला होता. उद्याच त्यांचं बिल बघायला मागते.

स्नेहलतागंज
शिलाई ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. आईच्या मनात जुना फ्रिज कामाच्या मावशींनाच द्यायचा होता.

वीजमापक काका, मोजलं. २४ तासांत २.१ युनिट. जाळी साफ केली, रबर बदललं, तरी १.८. मिस्त्री म्हणाले कॉम्प्रेसरच थकलाय. म्हणजे महिन्याला ५४. नव्याने २०-२२ धरले तरी ३० च्या वर वाचतात आणि आई १५० च्या आत येते. मे-जूनमध्ये कूलर लागला की वर जाईल, ते महिने सोडून देते. आठ महिने धरले तरी वर्षाला साडेपाच हजारांच्या पुढे. आई तयार झाली. बाबांनी मावशींसाठी वेगळा १८० लिटरचा बघायला सांगितलंय, निम्मे आपण, निम्मे त्या हप्त्याने.

आता दोन प्रश्न. दुकानात थ्री स्टार आणि फाइव्ह स्टार यात पाच हजारांचा फरक सांगतात, तो वसूल होतो का? आणि जुन्याचं काय करू? अटालावाला (भंगारवाला) आठशे देतो म्हणाला.

वीजमापक
स्टार मोजू नका, लेबलवरची वर्षाची युनिटं वाचा. दोन्हींतला फरक गुणिले सात रुपये, एवढी वर्षाची बचत. ती तीनशे-चारशे निघाली तर पाच हजार वसूल व्हायला फ्रिजचं जवळजवळ सगळं आयुष्य जाईल. दोन जणांच्या घरात थ्री स्टार पुष्कळ. लेबलवर साल छापलेलं असतं, तेही बघा. बीईई, म्हणजे स्टार देणारं केंद्राचं खातं, स्टारच्या कसोट्या मधूनमधून कडक करतं, २०२३ च्या जानेवारीत फ्रिजच्या केल्या होत्या. आधीच्या लेबलचा जुना साठा फाइव्ह स्टार म्हणून विकत असतील, तर तो आजच्या कसोटीला फाइव्ह स्टार असेलच असं नाही. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, आपल्या स्वयंपाकघराच्या उन्हाळ्यात थोडा जास्तच धरा.

अटाल्याचं मी नको म्हणेन. तो चालू फ्रिज मोडत नाही, रंग मारून विकतो, आणि शिलाई ताईंनी लिहिलं तेच पुन्हा घडतं. बंद असेल तर तांब्यासाठी नळी कापतो. २००६ च्या फ्रिजमध्ये बहुधा आर-१३४ए गॅस असतो, शंभर-दीडशे ग्रॅम. तो हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट ऊब धरतो. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, त्याचा हा त्रास जवळजवळ नाही.

पोहेजलेबी
कचऱ्याच्या गाडीत ई-वेस्टचा वेगळा डबा असतो ना आपल्याकडे? त्यात जाईल का?

राजवाडा
त्या डब्यात चार्जर आणि सेल जातात, भिया. फ्रिज घातला तर गाडीच थांबेल!
१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रिज आहे. विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुना माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रातून मोडून घेण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून जुना उचलायला सांगा, आणि पावती मागा. पैसे अटाल्यापेक्षा कमी मिळतील.

स्नेहलतागंज
कमी मिळाले तरी चालेल. तसंच करते.

शिलाई
एक विचारायचं होतं. वर बांद्र्याहून यांनी लिहिलं की तिकडे अशा योजना वीज आयोगाच्या मंजुरीने होतात. आपल्याकडे काय पद्धत आहे? आपण कुणाकडे मागायचं?

वीजमापक
आपल्याकडे मध्यप्रदेश विद्युत नियामक आयोग आहे, भोपाळला. वीज कंपन्या दरवर्षी दरवाढीची याचिका करतात, तेव्हा आयोग जाहीर सूचना काढून हरकती आणि सूचना मागवतो आणि जनसुनावणी घेतो. कोणीही ग्राहक लेखी देऊ शकतो, वकील लागत नाही. बहुतेक लोक फक्त दर वाढवू नका एवढंच लिहितात. त्याऐवजी असं लिहावं: १५० युनिटांच्या आतल्या आणि किंचित वरच्या घरांना जुना चालू फ्रिज जमा करून लहान नवा घ्यायला आणि दोन बीएलडीसी पंख्यांना मदत द्या, जुना मोडल्याचा दाखला बघूनच पैसे द्या, एसी यात घेऊ नका, बिलातल्या अनुदानात किती बचत होईल याचा हिशेब कंपनीकडून मागा. हिशेब जोडलेला असला की आयोगाला आदेशात त्याची दखल घ्यावी लागते.

अभ्यासू
हिशेबाचं कोष्टक मी करून देतो. त्यासाठी खरी बिलं लागतील. शिलाई ताई, नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून फ्रिज येण्याआधीची आणि नंतरची अशी काही बिलं मिळतील का? मेक्सिकोत अंदाज चुकला तो कागदावरचा होता, आपण बिलांवरून करू.

शिलाई
मिळतील. बायका बिलं जपून ठेवतात. रविवारी बैठक आहे, तेव्हा विचारते. मसुदा हिंदीत लागेल, तो लोकमान्यनगर काकांनी लिहावा असं मला वाटतं. विरोधाचे मुद्दे त्यांना सगळ्यात चांगले माहीत आहेत.

लोकमान्यनगर
लिहितो. कोष्टक हाती आलं की आठ दिवसांत इथे टाकतो, सगळ्यांनी तपासा. ग्वाल्हेर, उज्जैन, देवासचे कोणी असतील तर त्यांनीही आपापल्या कंपनीच्या याचिकेवर हेच द्यावं.

ग्वाल्हेरकर
ग्वाल्हेरचं माझ्याकडे. पंख्यांचे आकडे मी देतो.